खांबावरची तीन टोकं

“ह्या टोकांना टेप कुनी लावली?” मी विचारलं.

धोंडिभाऊ विहिरीच्या कठड्यावर डोक्याला हात लावून बसला होता. त्याने मानही वर केली नाही. “कसली टेप? आरं, केबल गेली माझी! खांबापासून स्टार्टरच्या पेटीपर्यंतची गेली, पेटीपासून खाली मोटारीपर्यंतची गेली. अन तू टेप काय इचारतो?”

“सकाळपासून खांबाला कुनी हात लावलाय का, एवढंच सांग.”

“वायरीला हात लावायचं काम तुझं. तुझीच वाट बघत बसलोय सगळे.”

सगळे म्हणजे तो आणि त्याचे चार भाऊ. विहीर पाचजणांची सामाईक. एरवी बांधावर एकत्र बसून तंबाखू मळणारे भाऊ त्या सकाळी पाच ठिकाणी उभे होते. केबल गेल्याचं प्रत्येकाला दुःख होतं, आणि पेटीला शेवटचं कुलूप कोण लावून गेलं होतं याचा प्रत्येकाला संशय होता. धाकट्याने थोरल्याच्या पोराचं नाव काढलं तेव्हा मला मध्ये पडून दोघांना बाजूला करावं लागलं.

माझं लक्ष मात्र खांबावर होतं. आमच्याकडे शेतीची लाइट एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा रात्री. चोर लाइट नसतानाच येणार. त्याने हात पोचेल तिथून केबल कापली होती आणि वरचा तुकडा खांबावरून खाली लोंबत होता. लाइट आली की त्या तुकड्याच्या तिन्ही तारा जिवंत होणार होत्या. आणि त्या तिन्ही टोकांना वेगवेगळी काळी टेप व्यवस्थित गुंडाळलेली होती.

आता सांगा, चोराला एवढी कसली फुरसत? माल घ्यावा, पळावं. मागे कोणाला शॉक लागेल याची काळजी करणारा चोर मी ऐकला नव्हता. याआधी विलासशेठच्या मळ्यातही मी अशीच टेप पाहिली होती, पण त्यांच्या गड्याने लावली असेल म्हणून सोडून दिलं होतं.

मी जवळ जाऊन पाहिलं. टेपचं शेवटचं टोक नखाएवढं आत दुमडलेलं होतं. पुढच्या माणसाला सोडवताना पकडायला चिमटी मिळावी म्हणून. कुठल्या पुस्तकात हे शिकवत नाहीत. आमच्या वीस-पंचवीस गावांत असं करणारी माणसं दोनच. एक गेनभाऊ मिस्त्री, आणि दुसरा त्यांच्या हाताखाली आठ वर्षं मोटारी भरायला शिकलेला मी.

पुढे नवी केबल आली तेव्हा मी तिन्ही टेपा काढून ती जोडली, पण कोणाला काही बोललो नाही.

ही गोष्ट सोळा वर्षांपूर्वीची. माझं नाव रंगनाथ, पण बोरखडीत मला रंगा वायंडर म्हणतात. जळालेली मोटार उघडायची, आतली जळकी तार काढायची, नवी तांब्याची तार भरायची, हा माझा धंदा. फाट्यावर माझं दुकान होतं. त्या वर्षी उन्हाळी कांदा फुगवणीला आला आणि नेमकं तेव्हाच केबलचोऱ्या सुरू झाल्या. महिन्याभरात सात विहिरी झाल्या.

चोरी सगळ्यांना सारखी लागत नाही, हे मी तेव्हा जवळून पाहिलं. विलासशेठची केबल सकाळी गेली आणि दिवस मावळायच्या आत नवी आली, वरून लोखंडी पाइपही बसला. धोंडिभाऊकडे पाच भावांचं एकमत व्हायला नऊ दिवस लागले. तोवर कांदा फुगायचा राहिला, नुसती बारीक गोलटी झाली. रान वाळलं तशी खुरपणीला जाणाऱ्या बायकांची रोजंदारी बंद पडली. त्यांची तर केबलही नव्हती आणि विहीरही नव्हती.

माझं मात्र बरं चाललं होतं. चोरी झाली की रंगाला बोलवा. आठवड्याला दोन-दोन विहिरी. चहाच्या टपरीवर कोणी ना कोणी म्हणायचंच, “रंगा, चोराला एखादा पेढ्याचा पुडा पाठव रं. तुझ्यावर लई जीव त्याचा.” सगळे हसायचे. मीही हसायचो. मग हळूहळू हसणं कमी झालं आणि बघणं वाढलं. हवालदार शिरसाठ एकदा दुकानात आले, तारेची रिळं उचलून उचलून पाहिली आणि म्हणाले, “ही कुठून आणतोस?” मी पावत्या दाखवल्या. त्यांनी त्या वाचल्या नाहीत, माझं तोंड वाचत बसले.

गावाला चोर हवाच होता, आणि तो मिळाला युनूसमध्ये. युनूस तालुक्याचा भंगारवाला. तीनचाकी टेम्पो घेऊन आठवड्यातून दोनदा यायचा. बाया फुटके डबे, जुनी घमेली त्याला घालायच्या आणि त्यांच्या हातात त्यांचे स्वतःचे चार पैसे यायचे, नवऱ्याला हिशेब न देता खर्चायचे. तांबं भंगारातच जातं, भंगार युनूस घेतो, म्हणजे चोर युनूसच, असं गावाचं गणित. ग्रामपंचायतीने त्याला गावबंदी केली. तो गावात यायचा बंद झाला, तरी चोऱ्या चालूच राहिल्या. पण त्यामुळे कोणाचं गणित चुकलं नाही.

धोंडिभाऊकडून निघालो तो दुपारी मी मिस्त्रींच्या घरी गेलो. सहा वर्षांत जेमतेम चौथ्यांदा. मी फाट्यावर दुकान टाकलं, तार भरायचं मशीन आणलं, तेव्हापासून त्यांच्याकडे कोणी मोटार नेईना. माझं दुकान चाललं म्हणून त्यांचं बसलं, हे मला कळत होतं. पण कळूनही न कळल्यासारखं करायला मला चांगलं जमायचं.

मिस्त्री ओट्यावर बसून धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत होते. परसात त्यांच्या बायकोने, मावशींनी, आंघोळीचा बंब पेटवला होता. भर दुपारी बंब. आणि वास येत होता जळक्या प्लॅस्टिकचा.

“काय रं, आज हिकडं कुठं?” मिस्त्री म्हणाले.

“सहज आलो.”

“सहज कुनी येत नाय. धोंडूची केबल गेली म्हनं.”

“गेली. तुम्हाला कुनी सांगितलं?”

“सांगायला कशाला पाह्यजे? गावभर तेच चाललंय.” त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “कुनाचं नाव घेत्यात?”

“युनूसचं.”

त्यांनी मान हलवली. “युनूस नाय चोरीचं घ्यायचा. वीस वरसं बघतोय त्याला. सरळ मानूस हाय.”

“मंग कोन असंल?”

“तुला काय वाटतं?”

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत होते. आठ वर्षं मी या माणसाच्या नजरेसमोर काम शिकलो होतो. तारेचा एक वेढा कमी पडला तरी त्यांना आवाजावरून कळायचं. मी म्हणालो, “चोर हुशार वाटतो. जाताना टोकांना टेप लावून जातो.”

मावशी परसातून काळा चहा घेऊन आल्या. कप माझ्यापुढे ठेवून त्या तशाच बंबाकडे परत गेल्या.

“मंग बरंय की,” मिस्त्री म्हणाले. “कुनाला शॉक तरी नाय बसायचा.”

एवढंच. नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. मी चहा पिऊन उठलो. पायऱ्या उतरताना मनाशी ठरवलं, की उद्यापासून दुकानातल्या दोन मोटारी त्यांच्याकडे भरायला पाठवायच्या. माणसाला काम मिळालं तर तो असल्या भानगडीत पडणार नाही. दुसऱ्या दिवशी घाई होती. तिसऱ्या दिवशी मशीन रिकामं होतं, म्हटलं आपणच भरून टाकू. मोटारी काही गेल्या नाहीत.

बारा दिवसांनी लीलाबाईंची केबल गेली.

लीलाबाई विधवा बाई. ओढ्याकाठी दीड एकर, एक विहीर, एक सून. सुनेचं नाव सिंधू. मुलगा मुंबईला गोदीत. सासू-सुनांनी मिळून त्या वर्षी सगळा कांदा लावला होता, आणि कांदा काढायला, कापायला सिंधूच्या हाताची बरोबरी करणारी बाई पंचक्रोशीत नव्हती. दुसऱ्यांच्या रानातही तिला आधी बोलवायचे.

सकाळी आठला मी पोचलो तेव्हा लीलाबाई पेटीपाशी उभ्या होत्या. रडत नव्हत्या. “रंगा, माझ्याच दाराला कसा आला रं त्यो?” त्या म्हणाल्या. “विलासशेठ काय मेला व्हता का?”

“पोलिसांत कळवलं का?”

“दीर गेलाय पाटलाकडं. हवालदार येनार, पंचनामा करनार. संगं त्यो लाइनमन भास्कर पन येनार म्हनं.”

भास्कर तिथे यायला नको होता. भास्करही मिस्त्रींच्या हाताखालून गेलेला. दोन वर्षंच होता, त्याला कधी टेप दुमडायचं जमलं नाही, आणि त्याबद्दल त्याने मिस्त्रींच्या शिव्या पोटभर खाल्ल्या होत्या. ज्याने त्यासाठी शिव्या खाल्ल्या तो ती चिमटी जन्मात विसरणार नाही.

मी खांबाकडे पाहिलं. तीन टोकं. तीन टेपा. तीन चिमट्या.

“लीलाबाई, तुम्ही घरी जाऊन कनेक्शनचा कागद घेऊन या,” मी म्हणालो. “हवालदार मागनारच.”

त्या गेल्या. बांधावर मी एकटा होतो. घड्याळात साडेआठ झाले होते आणि त्या आठवड्यात लाइट दहाला यायची. मी तिन्ही टेपा नखाने सोडवल्या आणि शर्टाच्या खिशात टाकल्या. दुसरी टेप टोक न दुमडता, साध्या पद्धतीने लावायला अर्धा मिनिट लागलं असतं. रीळ गाडीच्या डिकीत होतं, वीस पावलांवर. तेही माझ्या मनात येऊन गेलं. पण टेप दिसली की भास्कर विचारणार, लावली कोणी? मी म्हटलं असतं मी लावली, तर हवालदार म्हणणार, पंचनाम्याआधी तू हात का लावलास? माझ्यावर त्यांचा डोळा होताच. चोराने कापलेली केबल चोराने कापल्यासारखीच दिसायला हवी होती, नागडी. पंचनामा झाला की लगेच झाकू, असा मी विचार केला. विचार अगदी बिनचूक होता.

तेवढ्यात लीलाबाईंचे दीर पळत आले. “रंगा, हवालदार फाट्यावर येऊन बसल्यात. जीप ओढ्यातून उतरंना. तुझ्या गाडीवर घेऊन ये.”

“भास्कर?”

“त्यो नाय आला. त्याला दुसरीकडं धाडलाय.”

भास्कर येणार नव्हता. मी खिशातल्या टेपांना हात लावला, पुन्हा खांबाकडे पाहिलं. दहाला अजून बराच वेळ होता. मी दिरांना म्हणायला हवं होतं, इथंच उभे राहा, कोणाला जवळ येऊ देऊ नका. पण मग ते म्हणाले असते, का रे, लाइट तर नाही. मी गाडीला किक मारली.

फाट्यावर शिरसाठ चहा पीत होते. त्यांनी शांतपणे दुसरा चहा मागवला. पलीकडे युनूसचा टेम्पो उभा होता. गावात यायला बंदी म्हणून बिचारा फाट्यावर थांबून गिऱ्हाइकाची वाट बघायचा. शिरसाठ त्याच्याकडे बोट करून मला म्हणाले, “हा आणि तू एकमेकांना ओळखता ना?”

“गावात सगळेच ओळखतात, साहेब.”

“मी सगळ्यांचं नाही विचारलं.”

त्यांना मागे बसवून मी निघालो तेव्हा नऊ वाजून गेले होते. विलासशेठच्या मळ्याजवळ वळण घेतलं आणि रस्त्याकडेच्या पाइपातून भसकन पाणी बाहेर पडलं. विलासशेठच्या मोटारीला ऑटो बसवलेला होता. लाइट आली की मोटार आपोआप चालू होते.

मी गाडीचा कान पिळला. “अरे, हळू! मारतोस का?” शिरसाठ मागून ओरडले. मी कान आणखी पिळला.

आम्ही पोचलो तेव्हा सिंधू बांधावर पडली होती. तिच्या डोक्यावरचा गवताचा भारा बाजूला विस्कटला होता. दवाने ओलं गवत घेऊन ती पायवाटेने येत होती, लोंबणाऱ्या तारा तोंडासमोर आल्या म्हणून तिने उजव्या हाताने त्या बाजूला केल्या. लीलाबाईंनी फावड्याच्या लाकडी दांड्याने तिला सोडवलं होतं. ती जिवंत होती. तिच्या हाताकडे मी एकदाच पाहिलं.

“बाई, कोणी तारांना हात लावला होता का?” शिरसाठांनी विचारलं.

“चोरानं उघड्या सोडल्या हो!” लीलाबाई किंचाळल्या. “त्याला आया-भयनी नव्हत्या का?”

मी डिकीतून रबरी मुठीची पक्कड काढली आणि तारा वर दुमडल्या. माझ्या हाताला सवय होती, तो काम करत राहिला.

सिंधूला उचलून ओढ्यापलीकडे आणलं आणि तिथून जीपमधून तालुक्याला नेलं. बातमी माझ्या गाडीपेक्षा वेगाने फाट्यावर पोचली. आजवर केबल जात होत्या, आता सून गेली असती. अकराच्या सुमाराला पंधरा-वीस जणांनी युनूसला टेम्पोतून खाली ओढलं. धोंडिभाऊ होता, त्याचे चारही भाऊ होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते पाच एकत्र आले होते. युनूस ओरडत होता, “अरे, मी गावात येतच नाही! धोंडिभाऊ, तुमच्या पोरीच्या लग्नात जेवलोय मी!” मी दुकानाच्या दारात उभा होतो. शटर अर्धं ओढून घेतलं होतं. टेम्पो उलटा केला गेला, त्यातले डबे आणि घमेली रस्त्यावर घरंगळत गेली. शेवटी पोलिसांनी त्याला सोडवून ठाण्यात नेलं, आणि तिथे संशयित म्हणून बसवलं.

दुपारी दोनला मिस्त्री माझ्या दुकानात आले. सहा वर्षांत पहिल्यांदा. पायात वहाणा नव्हत्या. मी खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत.

“युनूसला मारलं म्हनं.”

“हो.”

“अन लीलाची सून?”

“हात जाईल म्हनत्यात. निदान बोटं तरी.”

ते मशीनकडे बघत उभे राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, “रंगा, तुला ठाव हाय कोन ते. त्या दिवशी तू बोललास तवाच मला कळलं. मी थांबनारच व्हतो. खरं सांगतो, लीलाची शेवटची. तिची घ्यायची नव्हती, पन दुसऱ्या विहिरींवर राखन बसलेली.”

“मिस्त्री, कशापायी केलंत?”

“कशापायी म्हंजे? सा वरसांत माझ्याकडं किती मोटारी आल्या, तूच सांग.” ते रागाने बोलले नाहीत, म्हणूनच ते जास्त लागलं. “ते ऱ्हाऊ दे. मला एक सांग. सकाळी सगळ्यात आधी तू गेलतास ना तिथं?”

“गेलो होतो.”

“टेप व्हती का टोकांना?”

माझा हात आपोआप खिशाकडे जायला निघाला, तो मी काउंटरवर ठेवला.

“मी लावली व्हती,” मिस्त्री म्हणाले. “मला आठवतंय. तिन्ही लावल्या. का धोंडूच्या आठवत्यात मला? अंधार व्हता, डोळ्याला दिसत नाय आता. पन हात तर चालतो ना रं माझा? चाळीस वरसं चाललाय. लावली व्हती ना?”

माझं दुकान, माझं लायसन, माझी दोन पोरं, शिरसाठांचे डोळे, फाट्यावर उलटा पडलेला टेम्पो. हे सगळं एका क्षणात माझ्यासमोर उभं राहिलं. मी एवढंच म्हणालो, “चला, युनूसला सोडवायला पाह्यजे.”

त्यांना तेच हवं होतं. माझ्याच गाडीवर ते मागे बसले. पंधरा किलोमीटरचा रस्ता. त्यांचा एक हात माझ्या खांद्यावर होता आणि माझ्या खिशात तीन टेपा होत्या. रस्त्यात कुठेही मी गाडी थांबवू शकलो असतो.

ठाण्यात मिस्त्रींनी सगळं सांगितलं. सात विहिरी, कोणत्या दिवशी, कशी कापली, बंबात कशी जाळली, तांबं दुसऱ्या जिल्ह्यात एसटीने जाऊन कुठे विकलं. शिरसाठ आणि मोठे साहेब दोघेही चकित झाले. बाकावर युनूस बसला होता, एक डोळा सुजून बंद झालेला. त्याने मिस्त्रींकडे पाहिलं आणि दुसरीकडे मान फिरवली.

मोठ्या साहेबांनी विचारलं, “आणि जिवंत तारा उघड्या सोडून गेलात? वायरमन असून?”

“साहेब, मी टेप लावतो,” मिस्त्री म्हणाले. “सगळीकडं लावली. हवं तर धोंडूला इचारा, ह्या रंगाला इचारा.”

साहेब माझ्याकडे वळले. “तुम्ही सकाळी आठला पोचलात, असं शिरसाठ सांगतात. तुम्ही जाणकार माणूस. टोकांना टेप होती का?”

खोलीत पंखा चालू होता. शिरसाठ लिहायचं थांबून माझ्याकडे बघत होते. युनूस एका डोळ्याने बघत होता. आणि मिस्त्री माझ्याकडे असे बघत होते, जसे पूर्वी मी भरलेल्या मोटारीचा आवाज ऐकताना बघायचे. निकाल काय लागतो म्हणून वाट बघणारे.

“नव्हती, साहेब,” मी म्हणालो. “उघडीच होती.”

मिस्त्रींनी वाद घातला नाही. मला वाटलं होतं ते ओरडतील, खोटं बोलतो म्हणतील. त्यांना ओरडता येईल म्हणून तर मी बोललो, असंही मी नंतर स्वतःला सांगून पाहिलं. पण त्यांनी आपले दोन्ही हात उचलले, उलटेसुलटे करून पाहिले आणि मान हलवली. माझ्यावर त्यांचा विश्वास होता. स्वतःच्या हातांवरचा तेवढ्यात उडाला.

“लिहा साहेब,” ते म्हणाले. “ऱ्हायली असंल. वय झालं.”

युनूसला त्या संध्याकाळी सोडलं. तो पुन्हा आमच्या फाट्यावर कधी आला नाही, आणि त्याला मारणाऱ्यांपैकी कोणी त्याच्याकडे गेलं नाही. बाया आता भंगार नवऱ्यांच्या हातात देतात. सिंधूची तीन बोटं गेली. कांदा कापणीला तिला कोणी बोलवेना. ती डाव्या हाताने शिकली, पण मुकादमाला डावा हात हळू वाटायचा. मी लीलाबाईंची विहीर कायम फुकट बघत आलो. “रंगा, तुझ्यासारखा मानूस नाय,” त्या म्हणतात. ते ऐकायला लागू नये म्हणून मी त्या घरी नसताना जातो.

मिस्त्रींना दोन वर्षांची शिक्षा झाली. सुटून आले तेव्हा गाव फारसं वाईट वागलं नाही. चोर असला तरी स्वतः होऊन गेला, दुसऱ्याला सोडवलं, असं लोक म्हणायचे. पण मिस्त्रींनी तारेला पुन्हा हात लावला नाही. घरातला बल्ब गेला तरी ते मला बोलवायचे.

एकदा त्यांच्या स्वयंपाकघरातलं बटण जळलं म्हणून मी गेलो होतो. मी मेन स्विच बंद करून जोडणी करत होतो आणि ते दूर, भिंतीला पाठ लावून बसले होते. मावशींनी मला खुणेने दाराशी बोलावलं. “रंगा, तू तरी ह्यांना सांग रं. दर मंगळवारी सिंधूकडं जाऊन बसत्यात, तिची वैरन कापून देत्यात. रातीला झोपत नाय. ‘माझ्याकडनं कशी ऱ्हायली, माझ्याकडनं कशी ऱ्हायली,’ एवढंच. चूक कुनाकडनंबी व्हते, असं तू सांगितलंस तर ऐकत्याल. तुझंच ऐकत्यात.”

मी आत गेलो. त्या क्षणी मी खरं सांगणार होतो, शपथेवर सांगतो. त्यांच्यासमोर खाली बसलो. ते एवढेसे झाले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हणालो, “मिस्त्री, चूक कुनाकडनंबी व्हते.”

ते हसले. किती तरी वर्षांनी मी त्यांना हसताना पाहिलं. पुढे वाकून त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“तुझ्याकडनं नाय व्हायची,” ते म्हणाले. “तुला मी शिकवलंय.”